न काढलेला केर

दुपारचं ऊन पडद्याच्या फटीतून आत आलं की इनेस आंटीच्या घरातली धूळ उजळून निघायची. चाळून ठेवलेल्या बेसनासारखी मऊ, पिवळसर धूळ... सोफ्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर, भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीवर, आणि जमिनीवर तर इतकी, की दारापासून टेबलापर्यंत तिच्या अनवाणी पावलांची एक वाटच पडली होती. त्या वाटेच्या शेवटी टाइपरायटर होता. साऱ्या घरात तेवढी एकच वस्तू लख्ख पुसलेली. मी त्या पावलांवर पाऊल ठेवून, दोन्ही हात पसरून, तोल सावरत टेबलापर्यंत जायची. बाजूच्या धुळीवर आपला पाय पडू नये याची मला फार धास्ती असे. नऊ वर्षांच्या मुलीला तो खेळ वाटायला हवा होता. पण तो खेळ नव्हता, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

रियाधमधल्या त्या तीन मजली इमारतीत आमची आणि तिची दारं समोरासमोर होती. बाबा शहरातल्या ओलाया भागात एका बँकेत होते. आई मूळची सांगलीची. तिथलं तिखट, तिथली हळद आणि तिथलीच एक केरसुणी तिने सामानात बांधून आणली होती. विमानतळावरच्या माणसाने ती उलटीसुलटी करून पाहिली तेव्हा आई म्हणाली होती, ‘‘लक्ष्मी आहे ती, नीट धरा!’’ – शुद्ध मराठीत. त्यानेही काय समजायचं ते समजून ती दोन्ही हातांनी परत दिली.

इनेस आंटी चिलीची. तिचा नवरा आंद्रेस समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांत यंत्रं बसवायचा आणि ती लिहायची. स्पॅनिशमध्ये. तिचं कथांचं एक पुस्तक तिकडे निघालं होतं. पुस्तकामागच्या फोटोत ती इतकी लहान दिसायची, की आई म्हणाली, ‘‘ही तर कॉलेजातली पोर!’’ शाळेतून आल्यावर मी तिच्याकडे जाऊन बसायची. शिजणाऱ्या मक्याचा गोडसर वास, कॉफीचा कडवट वास, टाइपरायटरच्या फितीचा तेलकट वास... आणि ती लिहिलेलं पान काढून मला मोठ्याने वाचून दाखवायची. एक अक्षर कळायचं नाही. पण वाचताना तिचा आवाज कुठे जड होतो, कुठे हसू दाबतो, यावरून मी माझीच एक गोष्ट रचायची आणि ती तिला इंग्रजीत सांगायची. ती म्हणायची, ‘‘तुझी माझ्यापेक्षा बरी आहे.’’ मला ते खरंच वाटायचं.

तिचं बालपणही वाळवंटातच गेलेलं. पाऊस म्हणजे काय हे माहीत नसलेलं खाणीचं गाव, आणि दारातून, फटींतून, पांघरुणातूनही आत शिरणारी धूळ. तिची आजी पहाटे उठून घर झाडायची, दुपारी झाडायची, पाहुणा उठून गेला की लगेच झाडायची. गरिबाच्या घराला शोभा एवढीच, असं त्या आजीचं म्हणणं. म्हणून आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला आईने केरसुणीला हळदकुंकू वाहिलं तेव्हा इनेस आंटीचे डोळे भरून आले. ‘‘माझ्या आजीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं,’’ ती म्हणाली. आईने तिच्या हातावर अनारसा ठेवला. त्या दिवाळीत तिच्या वाट्याला उजेड असा तेवढाच आला, कारण आंद्रेस तेव्हा कुवेतमध्ये अडकला होता.

जुलैच्या शेवटी तो चार दिवसांच्या कामासाठी तिकडे गेला आणि ऑगस्ट उजाडताच इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. त्याच दिवशी फोन बंद पडले. मग सप्टेंबर, मग ऑक्टोबर. बाहेरचे लोक ओलीस धरलेत, कुणी वाळवंटातून चालत सुटून आलेत, कुणी बगदादला नेलेत – रोज नवी बातमी, आणि कशातच आंद्रेसचं नाव नाही. इनेस आंटी टाइप करत राहिली. नव्या कादंबरीतला नायक घराकडे निघालेला माणूस होता. ‘‘मी थांबले तर तोही वाटेत थांबेल,’’ असं ती म्हणायची. आई तिच्यासाठी रोज काहीतरी करून न्यायची – उपमा, मऊ भात, शिरा – आणि समोर बसून चार घास खायला लावायची. दोघींची मिळून अशी धड एक भाषा नव्हती. आईचं इंग्रजी म्हणजे दुकानातलं, आठ-दहा शब्दांचं. पण तेवढ्यावर त्यांचं छान चालायचं. तेवढ्यावरच चालायला हवं होतं.

दिवाळीनंतर बाबांना बँकेच्या कामासाठी दूर उत्तरेकडे, तबूकला जावं लागलं. सगळीकडे सैन्याच्या गाड्या धावत होत्या. आईचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी बाबा ‘‘यल्ला, येतो,’’ म्हणून निघाले, आईने त्यांच्या हातावर दही घातलं आणि दार लावलं. पाठोपाठ इनेस आंटी कॉफी घेऊन आली. तिने पाहिलं, बाबांच्या नाश्त्याचे पोहे टेबलाखाली सांडलेले, जिरं, कोथिंबीर, सगळं तसंच. आई एवढी टापटिपीची, आणि केर तसाच! तिने कोपऱ्यातली केरसुणी उचलली. मदत म्हणून. आई धावली आणि तिच्या हातातून केरसुणी काढून घेतली.

‘‘नो, नो, इनेसबाई! हसबंड गो, नो स्वीप.’’

‘‘का?’’ इनेस आंटी हसत होती.

आईला खरं कारण सांगायची सवय. ‘‘डेड बॉडी गो,’’ ती म्हणाली, ‘‘देन स्वीप.’’

गावाला निघालेल्या माणसाच्या पाठीवर केर काढायचा नाही, मढं बाहेर पडल्यावरच लगेच झाडतात – एवढं आम्हा मुलांनाही माहीत होतं. आमच्याकडे ती रोजची, सहज बोलायची गोष्ट. पण इनेस आंटीचं हसू तोंडावरच राहिलं. तिने कप खाली ठेवला. ती म्हणाली, ‘‘मी झाडलं होतं. तो जिना उतरत होता तेव्हाच. आजीसारखं.’’

आईच्या हातून केरसुणी गळून पडली. ‘‘नाही हो... ओल्ड पीपल टॉक. ऑल लाय. ऑल लाय!’’ ती म्हणत राहिली. इनेस आंटी आपल्या घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. त्या दिवसापासून तिने केर काढणं बंद केलं.

बाबा तबूकहून सुखरूप परतले. जिन्यात बॅग आपटल्याचा आवाज आला आणि समोरचं दार धाडकन उघडलं. इनेस आंटी दारात... केस मोकळे, बोटांना शाई, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही सांगता येत नाही. बाबांना पाहून ती म्हणाली, ‘‘वेलकम होम,’’ आणि दार हळूच लावलं. आई त्या दिवशी जेवली नाही. आपला माणूस परत आल्याचा आनंदसुद्धा तिला चोरून करावा लागला. ‘‘आता तिला पटणारच ना,’’ ती बाबांना म्हणाली, ‘‘मी झाडलं नाही, माझा आला.’’

‘‘अगं, लढाई केरसुणीवर चालते का?’’ बाबा वैतागले.

‘‘मला नका सांगू. तिला सांगा.’’

बाबांनी सांगितलंही. इनेस आंटीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मला माहीत आहे. तरीही.’’ एकदा आई हट्टाने केरसुणी घेऊन गेली तेव्हा ती दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. ‘‘तो आल्यावर. तो आल्यावर आपण दोघी मिळून झाडू.’’ रियाधची धूळ ती, तिला काय उशीर? पंधरवड्यात फरशीचा रंग दिसेनासा झाला.

जानेवारीत लढाईला तोंड फुटलं. विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना प्लॅस्टिक, फटींना चिकटपट्ट्या, रबराच्या वासाचे मुखवटे, आणि रात्री-अपरात्री वाजणारा भोंगा. परदेशी बायकांसाठी विमान ठरलं. तिच्या नवऱ्याच्या कंपनीचा माणूस तिकीट घेऊन आला. आई तिच्या पाया पडायची बाकी राहिली. ‘‘जा हो इनेसबाई. गो! तो आला तर मी आहे ना इथं.’’

‘‘घर बंद दिसलं तर तो कुठे जाईल?’’ एवढंच ती विचारायची. आमचे पासपोर्ट बाबांच्या कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या अरबाकडे, आणि तो कुटुंबासह केव्हाच ताइफला निघून गेलेला. म्हणून आम्हीही तिथेच. भोंगा वाजला की ती आमच्या पट्ट्या लावलेल्या खोलीत यायची, भिंतीला टेकून माझा हात धरायची. तिच्या बोटांवरची धूळ माझ्या हाताला लागायची. आई पलीकडे डोळे मिटून स्तोत्र म्हणायची. देवाकडे ती काय मागत होती हे मला पक्कं ठाऊक होतं. ते आमच्यासाठी नव्हतं.

फेब्रुवारी सरता सरता कुवेत मोकळं झालं. लोक रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजवत हिंडत होते. आता येईल, आज येईल... इनेस आंटीने केस धुतले, निळा झगा घातला, मका शिजत ठेवला. आणि एका दुपारी कंपनीचा माणूस पुन्हा आला, एक कागदी पिशवी घेऊन. पिशवीत चष्मा होता आणि घड्याळ. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात आंद्रेस गाडी घेऊन वाळवंटातून इकडे यायला निघाला होता. गाडी बंद पडली. पाणी संपलं. वाळवंटातल्या भटक्या बदूंनी त्याला तिथेच पुरलं होतं.

‘‘पाहिलंस? तू बोललीस त्याच्या कितीतरी आधीच तो गेला होता,’’ बाबा आईला म्हणाले.

‘‘पण तिला मी सांगितलं,’’ आई म्हणाली.

इनेस आंटी चिलीला परत निघाली त्या सकाळी आईने तिच्या हातावर दही घातलं. तिने ते खाल्लं, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि आईला एकदाच घट्ट मिठी मारली. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली नाही तोच घरमालकाचा माणूस बादली नि झाडू घेऊन वर आला. आई समोरच्या दारात पाय रोवून उभी राहिली. ‘‘नो स्वीप टुडे! खलास. टुमारो!’’ ती कुणावर ओरडल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. तो काहीतरी पुटपुटत खाली उतरला आणि आई तिथेच, त्या धुळीच्या उंबऱ्यावर, बसून रडली.

नंतर आम्ही परतलो. इनेस आंटीचं पत्र कधी आलं नाही. ती मात्र तिकडे लिहीत राहिली, मोठी लेखिका झाली, हे मला फार उशिरा कळलं. पुण्यातल्या एका पुस्तकांच्या दुकानात तिच्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद हाताला लागला. मागच्या फोटोत पांढरे केस आणि तेच डोळे. मी तिथेच उभी राहून वाचू लागले आणि वाचता वाचता खाली फरशीवरच बसले.

आईला तोवर नीट दिसेनासं झालं होतं. दुपारी तिच्या पलंगाशी बसून मी ते पुस्तक मराठी करत करत वाचून दाखवलं. त्यात वाळवंटातलं शहर आहे, समोर राहणारी हिंदुस्थानातली बाई आहे, तिचा स्टीलचा डबा आहे. नवरा जिना उतरत असतो, बायको झाडायला वाकते, आणि तेवढ्यात दार वाजतं. शेजारीण आत येते, तिच्या हातातून झाडू काढून घेते आणि म्हणते, आज नको. मग हिवाळा येतो, युद्ध येतं, धूळ साचत जाते. आणि शेवटच्या पानावर त्या धुळीत, दारापासून टेबलापर्यंत, पुरुषाच्या बुटांचे ठसे उमटतात.

आईने हात पुढे करून ते पान चाचपलं. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी उशिरा गेले.’’

‘‘गोष्ट आहे गं ती, आई.’’

‘‘गोष्टच. ती काय खोटं लिहील?’’

त्याला आता बरीच वर्षं झाली. आईच्या आठवणीतलं पुष्कळसं पुसत चाललंय. सांगलीचं घर, बाबांचं जाणं, कधी कधी मीसुद्धा. पण दुपारी ऊन पलंगावर आलं की ती ते पुस्तक मागते, ते शेवटचं पानच वाचायला लावते आणि मध्येच माझं मनगट धरून विचारते, ‘‘आला का गं तो?’’

‘‘आला, आई.’’

ती मनगट सोडते. उशीवर डोकं टेकवते आणि म्हणते, ‘‘मग काढा आता केर.’’