चुलीवरचा कॉम्प्युटर

आमच्या शाळेशेजारी एक शेतकरी राहतो. वर्गात यायचं तर तो आधी कोयता बाहेर टेकवतो, मग चौकट वाजवतो, आत मी एकटीच असले तरी. त्याचं बोलणं "बघा बाई" असं सुरू होतं आणि बरेचदा तिथंच संपतं.

बेळगावच्या एका कुटुंबानं शाळेला जुना कॉम्प्युटर दिला. टीव्हीला जोडायचा, नुसती बटणांची फळी. मुलं त्यावर पाढे करतात. पावसाळ्यात भिंती पाझरल्या आणि बटणं चालेनाशी झाली, तेव्हा या शेतकऱ्यानं ती फळी लुगड्यात गुंडाळून घरी नेली. सकाळी आणली ती काजळीनं माखलेली.

"कुठं ठेवली होती?"

"चुलीवरच्या माळ्यावर."

मी भडकले. "असली वस्तू धुरात ठेवतात होय?"

तो खाली बघत म्हणाला, "बघा बाई, वालाचं, मिरचीचं बी पन तितंच हाय, सादळू नये म्हून. पोरांचं दुसरीकडं कुठं ठेवू?"

मी फळी टीव्हीला जोडून बटणं दाबली. अक्षरं उमटू लागली.

आता पावसाळाभर फळी रोज संध्याकाळी त्याच्याकडं जाते आणि सकाळी कोमट होऊन येते. आभार मानू लागले की तो कोयता उचलून चालू लागतो. कितीही पुसलं तरी फटीत काजळी राहते, आणि ज्याचा फळीवर बसायचा नंबर असेल त्याची बोटं काळी होतात.

परवा एका मुलीचा नंबर नव्हता, तरी तिची बोटं काळी दिसली. विचारलं तर लाजली.

"आमच्या चुलीवरचं काळं लावलं, बाई."