मसाफीच्या डोंगरातले तीन पॉइंट

मी सर्व्हेअर आहे. जे मोजता येत नाही ते नसतंच, ही माझी पहिल्यापासूनची समजूत. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा करायला जायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय... पण आता रिटायर झालोय, लिहून टाकतो.

१९९८ सालचा मे महिना, मी तेव्हा आखातात नोकरीला होतो. आमचं ऑफिस देरात, काम मात्र फुजैराच्या बाजूला, मसाफीच्या पुढच्या डोंगरांत एका नव्या रस्त्याचा सर्व्हे. सोबत हुसेनभाई – खेडचे, पन्नाशीचे, प्रिझम धरायचं काम त्यांचं. प्रिझम म्हणजे दांड्यावर बसवलेली काच. आमच्या मशीनचा किरण तिच्यावर आपटून परत आला की अंतर दिसायचं. समोर प्रिझम नसेल तर त्या काळचं मशीन काहीच दाखवत नसे.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही एका वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, मशीन लावलं होतं. वळणावरून पांढरी पिकअप लंगडत आली. अॅक्सल गेला होता. दोन माणसं उतरली, एकाच्या हातात रायफल.

"चाबी दो," तो शांतपणे म्हणाला. मी दिली.

पिकअपमधली अर्धी पोती त्यांनी आमच्या लँडक्रूझरमध्ये टाकली. आमचं पाणीही गाडीतच राहिलं.

"बाकी माल लेने आएंगे. इधरही बैठो. नीचे रास्ते पे आदमी है हमारा."

गाडी गेली. मोबाइलला रेंज नव्हतीच.

हुसेनभाई म्हणाले, "साहेब, ह्यांची तोंडं बघितलीत आपण. परत आले की सोडायचे नाय."

वादीला बाहेर पडायला एकच वाट होती, खालची. तिन्ही बाजूंना उभे कडे. कुठे चढता येईल का म्हणून मी मशीनच्या दुर्बिणीतून समोरचा कडा बघू लागलो... आणि तिथे एक माणूस दिसला. खाकी पॅन्ट, डोक्याला पांढरं फडकं, हातात दांडा, दांड्यावर प्रिझम.

मी दुर्बिणीवरचा डोळा काढून नुसत्या नजरेने बघितलं. कडा मोकळा.

"हुसेनभाई, प्रिझम कुठंय?"

"ही काय, बॅगेत."

"जरा इथून बघा."

त्यांनी वाकून बघितलं. फोकस फिरवून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "हाय कोणीतरी. चांगला सरळ धरलाय दांडा."

हाताला सवय असते. मी बटण दाबलं. बीप वाजला. चारशे बारा मीटर आणि काही सेंटिमीटर. मी ते सेव्ह केलं.

पॉइंट झाला की आमची माणसं दांडा उचलून पुढे चालतात, तसा तो चालला. वर आणि उजवीकडे. थांबला. मी दुसरं रीडिंग घेतलं. मग तिसरं, अगदी माथ्याजवळ. त्यानंतर दुर्बिणीत नुसता दगड.

"साहेब, चला," हुसेनभाई म्हणाले. "तो गेला तसंच जायचं."

कंपनीचं मशीन टाकून जायला जीव होईना, म्हणून खोका पाठीवर बांधला. पहिल्या जागेपाशी पोचलो तेव्हा कळलं, कड्याला हातभर रुंदीची कपार होती. खालून दिसतच नव्हती. ती दुसऱ्या जागेला गेली, तिथून तिसऱ्या. घशाला कोरड पडली होती.

माथ्यावर टेकलो आणि खाली गाडीचा आवाज आला. आमचीच लँडक्रूझर. रायफलवाला उतरला, आम्ही बसलो होतो तिथे गेला. पिकअपच्या खाली वाकून बघितलं. मग एकेक मोठा दगड फिरून बघू लागला. रायफल खांद्यावर नव्हती, दोन्ही हातांत होती. हुसेनभाईंनी माझं डोकं खाली दाबून धरलं.

पलीकडच्या उतारावर खजुराची झाडं आणि चार घरं होती. एका म्हाताऱ्या अरबाने पाणी दिलं, स्वतःच्या गाडीतून पोलिसांकडे नेलं. वरून कोणी माणूस आला होता का, असं मी त्याला विचारलं. त्याने हुसेनभाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोन बोटं वर केली. तुम्ही दोघंच.

गाडी नंतर सापडली. ती माणसंही पकडली गेली म्हणे.

ऑफिसात डेटा उतरवला तर तिन्ही रीडिंग मशीनमध्ये होती. आमचे सीनियर म्हणाले, "एखादा चमकदार दगड असेल." मी म्हटलं, "एकदा येईल सर. तीनदा?" त्यांनी पुढची शीट उघडली. पुढे दुसरी टीम घेऊन गेलो तेव्हा त्या तिन्ही जागा चालून बघितल्या. चमकणारं काहीच नाही. ड्रॉइंगवर मात्र ते पॉइंट बरोबर त्या कपारीवर पडत होते आणि ती कपार कुठल्याच नकाशात नव्हती.

ड्रॉइंग क्लायंटला द्यायची वेळ आली. आमच्याकडे सोबतच्या यादीत प्रत्येक पॉइंटपुढे तो कशाचा ते लिहावं लागतं – झाड, खांब, रस्त्याची कड. त्या तीन ओळींपुढे काय लिहायचं ते मला सुचेना. संध्याकाळपर्यंत तसाच बसलो, शेवटी रकाना मोकळा ठेवून शीट पाठवून दिली. क्लायंटकडून कोणी विचारलं नाही.