तेरानं भाग गेला

हे डबा घेऊन धाटावला पहिल्या शिफ्टला गेले होते आणि मी दोडके सोलत बसले होते. दार वाजलं. शेजारच्या एस्थरमावशी एरवी दार वाजवत नाहीत. "दर्शना, हायस का गो?" म्हणत थेट ओट्यापर्यंत येतात. आज त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या.

"आठ हजार एकशे एक्याण्णवला तेरानं भाग जातो का, बघ," त्या म्हणाल्या.

रोह्यात आता मोजकीच ज्यू घरं उरलीत, त्यातलं मावशींचं एक. धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी केली. बसमध्ये बाकीच्या बायका लसूण सोलायच्या, या संख्या सोलायच्या. मलाही शिकवलं त्यांनी. सहाला स्वतःखेरीज एक, दोन, तीननं भाग जातो, आणि त्यांची बेरीज पुन्हा सहाच. अशी संख्या परिपूर्ण. दुसरी अठ्ठावीस. पाचवी एकदम तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. ती मावशींची लाडकी. रोज भाकऱ्या थापताना तिची निम्मी, मग निम्म्याची निम्मी करत त्या खाली उतरायच्या, की शेवटी हाती राहायची आठ हजार एकशे एक्याण्णव. ती मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही. तिथं थांबायचं आणि तवा उतरवायचा.

मी वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. तेरा गुणिले सहाशे तीस, आठ हजार एकशे नव्वद.

"बाकी एक उरते, मावशी."

"माझी नाय उरत. तीनदा केलं, तिन्ही वेळा शून्य." त्या आत येऊन स्टुलावर टेकल्या. "चूक हाय ते ठाऊक हाय मला. पण कुठं हाय ते दिसत नाय गो."

"काल मी आमटीत मिठाऐवजी साखर घातली," मी म्हटलं. "हे मुकाट्यानं जेवले."

"तुझा नवरा काय घातलंस तरी मुकाट्यानंच जेवतो," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

त्यांना कशाची भीती वाटतेय, ते मला माहीत होतं. थोरले भाऊ एलियाह. लहानपणी दोघं कुंडलिकेच्या पुलावर बसून एसटीचे नंबर अवयवांत फोडायचे, पैज लावून. पुढे ते इस्राएलला गेले. तिकडे आधी त्यांचे आकडे गेले, मग जिना कुठे आहे ते, मग मुलीचं नाव. शेवटच्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी मावशींकडे बोट दाखवून नर्सला विचारलं, ही बाई कोण? तेव्हापासून मावशी म्हणायच्या, मरणाची नाय वाटत, ह्याची वाटते.

"पेणला मेंदूचे डॉक्टर येतात ना," मी हळूच म्हटलं.

"उद्याचा नंबर लावलाय मी." त्या पदर बोटाला गुंडाळत होत्या. "एलियाहला तिकडच्या डॉक्टरांनी शंभरातनं सात-सात वजा करायला लावलेलं. तेव्हाच घोकून ठेवलं मी. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट."

कुठेही न अडखळता, एका दमात. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"हे मी झोपेतपण म्हणेन. डॉक्टर म्हणेल, बाई ठणठणीत. आणि मी मान डोलवून घरी येईन. भित्री हाय मी."

कुकरची शिट्टी झाली. मी उठले नाही.

"उद्या माझ्यासंगं पेणला चल," मावशी म्हणाल्या. "तेराचं डॉक्टरला तू सांग. माझ्यानं सांगवणार नाय."