तार दिसली की सांग

आई सिनेमाला जायची ती तार शोधायला. देवासच्या टॉकीजमध्ये पौराणिक सिनेमा लागला की गल्लीतल्या सगळ्या बायका निघायच्या. पडद्यावर रथ आकाशात उडाला की त्या हात जोडायच्या, काहीजणी तर चपला काढून बसायच्या. आई मात्र डोळे बारीक करून पुढे वाकायची आणि मला कोपर मारून म्हणायची, "रथाच्या वर बघ. तार दिसली की सांग." ती कधी कधी खरंच चमकायची. सापडली की आई समाधानानं मागे टेकायची आणि मग हात जोडायची.

"वहिनी, तुम्हाला देवाचीसुद्धा शंका," आत्या म्हणायची.

"देवाची नाही, वन्सं. एवढा जड रथ कुणीतरी उचलून धरलाय, त्याच्याकडे बघायला नको?"

एकच नट दोन भाऊ होऊन समोरासमोर उभा राहिला की ती दोघांच्या मधली रेघ शोधायची. माझी नजर तिनंच तयार केली. अजूनही मला सिनेमात गोष्ट नंतर कळते, जोड आधी दिसतो.

माझं लग्न झालं तेव्हा मिक्सिंगचे दिवस होते. शूटिंग झालं की व्हिडिओवाला आपल्या दुकानात बसून त्यात कमळं, बदाम, ताजमहाल घालायचा आणि मग कॅसेट द्यायचा. माझ्या कॅसेटमध्ये मी चंद्रात आहे. आमचे हे कमळातून उगवतात. पुढे आम्ही दोघं बर्फाच्या डोंगरांवरून उडत जातो. ह्यांची धाव शिफ्टच्या बसनं पीथमपूरच्या कारखान्यापर्यंत, पण कॅसेटमध्ये बघावं तर परदेशात.

धारला सासरी ती कॅसेट महिनाभर चालली. शेजारपाजार बघून गेला. शेवटी बिदाई यायची, माझी पाठवणी. मी गाडीकडे चालले आहे, आत्या रडते आहे, कॅमेरा धर्मशाळेच्या पायरीकडे वळतो, आणि तिथे आई असायला हवी तर एक लालभडक गुलाब उमलून सगळा पडदा भरून टाकतो. तो मिटतो तेव्हा गाडी निघालेली असते. "तुझी आई दिसलीच नाही गं," सासूबाई दर वेळी म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायची. खरं म्हणजे मला ते फार लागायचं, कारण त्या दिवशी आई गाडीपर्यंत आली नव्हती. मी गाडीत मान खाली घालून बसले होते. खांद्यावर कितीतरी हात फिरले, त्यांत तिचा नव्हता. ती का आली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. माझी मुलगी रांगत होती तेव्हा आई गेली.

आईचे फोटो आहेत. पण फोटोत ती फोटोपुरती उभी आहे. हलती, बोलती आई फक्त त्या कॅसेटमध्ये. तिथेही सगळीकडे पाठमोरी, हातात ताट घेऊन कुठेतरी निघालेली. कॅमेरा तिच्या तोंडावर थांबला तो एकदाच, आणि तिथे गुलाब. इतकी वर्षं मी त्या गुलाबाला शिव्या घातल्या आहेत.

यंदा दिवाळीला मुलगी आली ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन. ती पुण्यात सिनेमातल्या तारा पुसते. नट गच्चीवरून उडी मारतो तेव्हा त्याला तारेनं बांधलेलं असतं. ती तार ही कॉम्प्युटरवर एकेका चित्रातून काढून टाकते. आजीनं शोधायच्या आणि नातीनं पुसायच्या, दोघींची चांगलीच जुंपली असती.

"मम्मी, ये गुलाब तो निघेल," ती म्हणाली. "लेकिन त्याच्या खाली कुछ है ही नहीं. चेहरा मला बनवावा लागेल. आजीचे फोटो आहेत ना, बना दूँगी. एकदम असली."

मला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. मग वाटलं, ही बनवेल तो चेहरा आईचाच असेल, पण त्या चेहऱ्यावर काय होतं ते कुठून आणणार? मूळ शूटिंगची कॅसेट कुठे शिल्लक असेल तर ती हवी. म्हणून भाचीच्या साखरपुड्याला देवासला गेले तेव्हा त्या व्हिडिओवाल्याला शोधून काढलं. भांडायच्याच तयारीनं गेले होते म्हणा ना. आता तो त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं विकतो.

"मूळ कॅसेट कुठली ताई, त्यावर पुढची कितीतरी लग्नं उतरली," तो म्हणाला. मी गुलाबाचा विषय काढला, तसं त्यानं हातातलं कव्हर खाली ठेवलं. "वो फूल? ते मी माझ्या मनानं नाही टाकलं. तुमच्या आईनं टाकायला लावलं."

मी स्टुलावर बसले.

"मिक्सिंग चालू असताना आल्या होत्या. लोग तो कहते हैं, भिया, माझा चेहरा मोठा दाखवा. लपवा म्हणणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून ध्यानात आहे. बिदाईच्या वेळी तोंडात पदर कोंबून पायरीवर बसल्या होत्या हो त्या. उठताच येत नव्हतं त्यांना. दुकानात येऊन मला म्हणाल्या, पोर हे सासरी चार माणसांत बघेल. मला असं बघितलं तर तिचा जीव रमायचा नाही तिथे. तुझ्याकडचं सगळ्यात मोठं फूल टाक. मग दोन-तीनदा मागे-पुढे करून बघितलं त्यांनी. कुठून काही कळत नाही ना, विचारत होत्या."

मी त्याच्याकडून मला नको असलेलं एक कव्हर घेतलं आणि बाहेर आले. धारच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून अर्ध्या वाटेपर्यंत रडले. ती आली नव्हती असं नाही, तिला उठता आलं नव्हतं. आणि तार शोधायला जिनं शिकवलं, तिचीच तार मला इतकी वर्षं दिसली नाही.

घरी आल्यावर मुलीला म्हटलं, तो गुलाब सावकाश लाव. तिनं एकेक चित्र पुढे सरकवलं. आत्या गेली. खांब गेला. पायरी आली. गुलाब उमलायला किंचित उशीर झाला आहे, नुसत्या डोळ्यांना कळणार नाही इतका. तेवढ्या एका चित्रात, खालच्या कोपऱ्यात, हिरव्या बांगड्यांचा एक हात पदर घेऊन वर निघाला आहे. तोंडापर्यंत पोचायच्या आत पाकळ्या येतात.

"अरे, ये तो गलती है," मुलगी म्हणाली. "फूल लेट आया. पुसून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "तार आहे ती. राहू दे."