भावोजींची कॅरॅव्हॅन

रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण माझ्या भावोजींइतका मनापासून आणि न कंटाळता रागावणारा माणूस अख्ख्या अमिरातीत दुसरा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. माणसांवर ते रागवायचे ते आपलं ओघात. त्यांचा खरा राग सैल नटावर, गळक्या नळावर, वाकड्या ठोकलेल्या खिळ्यावर, आणि त्याहून जास्त ती वस्तू तशीच वापरत राहणाऱ्यांवर. आम्ही दुबईतल्या करामा भागात राहायचो आणि ते आणि ताई तिकडे पश्चिमेला रुवैसला, तीन-साडेतीन तासांच्या रस्त्यावर. रुवैसच्या रिफायनरीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली होती, त्यामुळे पंप आणि व्हॉल्व्ह त्यांना वचकून असत, असं ताई म्हणायची. एकदा ते आमच्याकडे जेवायला आले. हात धुवायला बाथरूमकडे गेले आणि दार करकरलं. मी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "हे असं दार तुम्ही रोज उघडता? लाज कशी वाटत नाही?" आणि पाचव्या मिनिटाला दार बिजागऱ्यांसकट हॉलमध्ये आडवं पडलं होतं. आम्ही जेवलो ते त्या दाराभोवती बसून. माझी मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "आई, व्हेन इज काका गोइंग टु पुट द डोअर बॅक? आय नीड टु गो." ते दार आजही लोण्यासारखं उघडतं, हे सांगताना मला अजून राग येतो.

हॉटेलातसुद्धा तेच. करामातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात टेबल डुगडुगलं. आपण काय करतो, कागदाची घडी पायाखाली सरकवतो. भावोजींनी वेटरला बोलावून पाना मागितला. तो बिचारा मल्याळी, "सार, स्पून?" म्हणाला. मग हे स्वतः गाडीतून पाना घेऊन आले, टेबलाखाली शिरले, आणि आमच्या पुऱ्या पापड होईपर्यंत बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला, तर त्याच्याही टेबलाचा नट आवळून दिला, रागाने. पण त्यांचं डोकं सगळ्यात जास्त फिरायचं ते 'खलास' या शब्दाने. इथे कुठल्याही गॅरेजमध्ये काही दुरुस्तीला न्या, मेकॅनिक दोन बोटांनी ती वस्तू उलटीपालटी करणार आणि म्हणणार, "खलास, नया ले लो." भावोजी तिथेच पेटायचे. "खलास म्हणजे काय? मेलं का ते? तू डॉक्टर आहेस का?" असं थेट मराठीत. समोरचा पेशावरचा असो की मनिलाचा, त्याला अर्थ बरोबर कळायचा.

ती कॅरॅव्हॅन आमच्या आयुष्यात आली तीही त्या शब्दापायीच. त्यांच्या प्लांटमधला एक स्कॉटिश इंजिनिअर नोकरी संपवून मायदेशी निघाला होता. गाडीच्या मागे जोडून ओढून न्यायची एक जुनीपुराणी कॅरॅव्हॅन त्याने कंपनीच्या वसाहतीच्या मागच्या मैदानात पंधरा वर्षं उभी करून ठेवली होती. माझ्या जन्माच्याही आधीची होती ती. आत कबुतरांचा संसार होता. तो निरोप घेताना सहज म्हणाला, उद्या भंगारवाला येऊन नेईल, ती खलास झाली आहे. रागाच्या भरात लोक भांडी फोडतात, भावोजींनी रागाच्या भरात कॅरॅव्हॅन घरी आणली. ताईने फोन केला तेव्हा तिचा आवाज इतका शांत होता की मला वाटलं कोणी तरी गेलं. "तुझे भावोजी एक घर घेऊन आलेत," ती म्हणाली. "दारात उभं आहे. त्याला चाकं आहेत. दोनच."

पहिल्या शनिवारी आम्ही बघायला गेलो. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, कधीकाळी मलईच्या रंगाचा असावा. आतलं प्लाय फुगून पापुद्रे सुटलेलं. खिडक्यांचं रबर हात लावला की चकलीसारखं मोडायचं. भावोजींनी एका बाजूचा पत्रा सोलून काढला तर आतल्या लाकडी सांगाड्याचा भुसा होऊन पायाशी पडला. दुसरा कुणी हबकला असता, हे खूश झाले, म्हणजे अधिकच चिडले. त्यातून तिचे सगळे बोल्ट इंचात आणि भावोजींचे सगळे पाने मिलीमीटरमध्ये. "इंग्रज गेले आणि आपल्या डोक्यावर इंच ठेवून गेले!" अशी गर्जना करत त्यांनी तो शनिवार घालवला. मुलीने विचारलं, "काका, इज इट अ कार ऑर अ हाउस?" तर म्हणाले, "सध्या कचरा आहे. तू बाजूला हो."

पुढची दोन वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. दर पंधरा दिवसांनी आम्ही रुवैसला जायचो. माझी अपेक्षा अशी की आठवडाभर ऑफिसात जहाजांची कागदपत्रं निस्तरल्यावर ताईच्या हातचं आयतं खावं, दुपारी लोळावं. पण दारात पाऊल टाकलं की हातात पॉलिश पेपर. माझा नवरा पहिल्याच शनिवारी कंबर धरून बसला तो दोन वर्षं उठला नाही. मी आपली कपाटांच्या फळ्या घासतेय, त्या दमट हवेत घामाने डोळे चुरचुरताहेत, नाकातोंडात भुसा, आणि वरून भावोजी ओरडताहेत, "हलकं घास! तू कढई घासत नाहीयेस, मेहुणीबाई!" घासलेली फळी ते डोळ्याजवळ धरून तिरकी बघायचे आणि परत माझ्या मांडीवर ठेवायचे. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. ताई मात्र काही बोलायची नाही. घरभर थिनरचा वास, जेवणाच्या टेबलावर ब्रेकचे भाग, बाथटबमध्ये खिडक्यांच्या काचा. ती बाजूने वाट काढत चालायची. हाउसिंग ऑफिसकडून नोटिसा येत होत्या, वसाहतीत असलं वाहन उभं करायला परवानगी नाही म्हणून. भावोजी त्या वाचायचे आणि त्यातल्या स्पेलिंगच्या चुकांवर रागवायचे.

दिवाळीत माझा स्फोट झाला. पाडव्याच्या दिवशी आम्ही फराळ घेऊन पोचलो. ताई नवी साडी नेसून, ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी, आणि भावोजी कॅरॅव्हॅनखाली. बाहेर फक्त त्यांचे पाय. ताटातली निरांजनं वाऱ्याने दोनदा विझली, ताईने दोनदा लावली. मी त्या पायांजवळ जाऊन म्हटलं, "भावोजी, ताईने अठ्ठावीस वर्षं या वाळूत काढली. एकदा तरी तुम्ही तिला कुठे नेलंत? मॉल सोडून? पुढच्या वर्षी रिटायर होऊन परत जाल, आणि ही बाई काय सांगेल, मी पाय बघितले नवऱ्याचे?" खालून आवाज आला, "झालं बोलून?" मी म्हटलं, "नाही झालं." "मग तिकडचा जॅक जरा वर घे आणि बोल." मी जॅकला हात लावला नाही. फराळाचे डबे ओट्यावर ठेवले आणि मुलीला घेऊन गाडीत बसले. त्यानंतर तीन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

फेब्रुवारीत त्यांच्या प्लांटचा शटडाऊन लागला. म्हणजे सगळी यंत्रं बंद करून दुरुस्ती, बारा-बारा तासांची ड्यूटी, माणूस घरी फक्त झोपायला. ताई एकटी म्हणून मी चार दिवस रजा टाकून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बाहेर ट्रकचा आवाज झाला. हाउसिंग ऑफिसचा एक तरुण अधिकारी हातात फाइल घेऊन उभा होता आणि एक पंजाबी ड्रायव्हर कॅरॅव्हॅनला साखळी लावत होता. खरं सांगते, मला आधी आनंद झाला. सुटली ताई एकदाची, असं वाटलं. मी वळून बघते तर ताई जागेवर नाही. ती ओट्यावरची मेथीची जुडी आणि चाळण घेऊन शांतपणे बाहेर गेली, कॅरॅव्हॅनचं दार उघडलं, आत जाऊन बाकावर बसली आणि मेथी निवडायला लागली.

अधिकारी मोठा सभ्य होता. "मॅडम, प्लीज. यल्ला, कम आउट."

"आय ॲम नॉट कमिंग," ताई म्हणाली. "टेक मी ऑल्सो."

ड्रायव्हर माझ्याकडे बघून म्हणाला, "बहनजी, समझाओ इनको. अंदर बंदा हो तो गाडी नहीं खींच सकते." मी समजवायला गेले तर ताईने मलाच गप्प बसवलं. शेवटी मी भावोजींना फोन लावला. तीन महिन्यांनी मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं, "भावोजी, कॅरॅव्हॅन नेताहेत आणि ताई आत बसलीय."

गेटपास काढून ते वीस मिनिटांत आले. निळा कव्हरऑल, डोक्यावर हेल्मेट तसंच. मला वाटलं आता त्या अधिकाऱ्याचं काही खरं नाही. पण ते धावत गेले ड्रायव्हरकडे. "ही साखळी कुठे लावली? पत्र्याला? अरे, चासीला लगाव, चासीला! ऐसे खींचेगा तो पूरा मुंह टूट जायेगा!" असं म्हणून ते खाली वाकले आणि स्वतः साखळी सोडवून जागेवर नीट लावायला लागले. आपलीच कॅरॅव्हॅन भंगारात कशी न्यावी ते शिकवत होते. मग आत डोकं घालून ताईला म्हणाले, "ऊठ तिथून. त्या फळीचं ग्लू अजून ओलं आहे."

आणि माझी ताई चिडली. तिच्या एकतीस वर्षांच्या संसारात मी तिला आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. मेथीची काडी हातात धरून ती म्हणाली, "मी उठणार नाही. तुम्ही काय त्यांना साखळी बांधून देताय? दोन वर्षं माझ्या उशीला थिनरचा वास येतोय. या गाद्या मी शिवल्यात. हे आठ पडदे मी शिवलेत, तुम्ही तीनदा लांबी चुकीची सांगितलीत म्हणून तीनदा. रोज तुम्ही ड्यूटीवर गेलात की दुपारी मी इथे येऊन बसते, चहा घेऊन. तुम्हाला माहीत आहे? नाही. कारण तुम्ही मला कधी विचारलंतच नाही. ही तुमची नाही. माझी आहे. कुणी नेऊन दाखवा."

भावोजींनी हातातली साखळी खाली ठेवली. मराठी न कळणाऱ्या त्या अधिकाऱ्यानेही फाइल मिटली. तो भावोजींना बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाला, "हबीबी, पंधरा दिवस. मग मी काही करू शकत नाही." भावोजींनी मान हलवली. मग कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसून हेल्मेट काढलं आणि ताईला विचारलं, "चहा दुपारी कितीला घेतेस?" ती म्हणाली, "चारला."

ते पंधरा दिवस आम्ही सगळे वेड्यासारखे राबलो. माझ्या नवऱ्याचीही कंबर बरी झाली. रस्त्यावर आणायच्या परवान्यासाठी तपासणीला नेली तर पहिल्यांदा मागच्या दिव्यासाठी नापास झाली. भावोजींनी तिथेच जमिनीवर बसून वायर शोधली आणि तिथल्या इन्स्पेक्टरला दिव्यांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. दुसऱ्या खेपेला त्याने हात जोडून पास केली. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिला ओढत सिला गावाच्या बाजूला समुद्रावर घेऊन गेलो.

तिथे पाणी उथळ होतं आणि लांबवर हिरवट दिसत होतं. माणूस नव्हतं आसपास. ताईने आत आमटी-भात केला. छोट्या खिडकीतून फोडणीचा वास बाहेर आला तेव्हा भावोजी चाकांना अडण लावत होते. ते झालं, मग त्यांनी गॅसची नळी तपासली, पायरी हलवून पाहिली, दार चार वेळा उघडून मिटलं. कुठे काही वाजत नव्हतं. ते तसेच उभे राहिले, हात पुसायचं फडकं हातात, आणि म्हणाले, "आता काय करू?"

"काही नाही," ताई म्हणाली. "बसा."

ते बसले. मी त्यांना रिकाम्या हाताने बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. संध्याकाळभर ते आणि ताई पाण्याकडे तोंड करून बसले होते. काय बोलले माहीत नाही, मी मुलीला घेऊन मुद्दाम लांब शिंपले वेचत राहिले.

परतल्यावर ती उभी करायला जागा नव्हती. त्यांच्या एका मल्याळी सहकाऱ्याचा वाळवंटातल्या लिवाला खजुराच्या बागेवर मित्र होता, त्याने ती ठेवून घेतली, म्हणाला बागेवर राहायला येणाऱ्या पाहुण्यांना होईल. ताई 'हो' म्हणाली, तेव्हाच भावोजींनी दिली. देताना त्या माणसाला त्यांनी सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत सगळं समजावलं आणि दोनदा झापलं.

जूनमध्ये ते दोघं कायमचे पुण्याला निघाले. अबू धाबीच्या विमानतळावर आम्ही सोडायला गेलो. ट्रॉलीचं एक चाक अडखळत होतं, भावोजी ती तशीच ढकलत होते. ताई माझ्या मुलीला कुरवाळत उभी होती. भावोजी माझ्याजवळ आले. मला वाटलं, काही तरी राहिलं, आता ओरडणार. ते म्हणाले, "पुण्याला येत जा. ताईला करमायचं नाही तुझ्याशिवाय." त्यांनी ट्रॉली जरा पुढे ढकलली. "मलाही."

मी म्हटलं, "भावोजी, बीपीच्या गोळ्या हँडबॅगेतच ठेवल्यात ना? सामानात टाकल्या नाहीत ना?" असल्या प्रश्नावर त्यांनी माझी एरवी सालटी काढली असती. मी वाट बघत होते.

"ठेवल्या गं," ते म्हणाले, आणि ताईच्या मागोमाग आत गेले.