बोटं धरून

आमची मावशी कुणालाही गप्प करू शकते. तिचं कामच ते. इस्पितळाच्या तळघरात एमआरआयचं मशीन आहे. काचेमागे बसून ती आत झोपलेल्या माणसाला माइकवरून सांगते, "श्वास घ्या... सोडा... आता धरा. धरा... धराऽऽ... हं, घ्या." हा आवाज काढायला सोपा आहे. नाक जरा चोंदल्यासारखं करायचं आणि शेवटच्या 'घ्या'त थोडे उपकार मिसळायचे. घरीही हीच तऱ्हा. काका तावातावाने बोलायला लागले की ती म्हणते, "सोडा." काका सोडतात.

माणूस मशीनबाहेर आला की तिचं खरं काम सुरू होतं. पडद्यावर त्याच्या हृदयाचे काप दिसतात, आणि मावशी माउसने एकेका कापातली आतली कड गिरवते. त्यावरून कॉम्प्युटर सांगतो, हृदयात रक्त किती मावतं आणि त्यातलं किती बाहेर फेकलं जातं. चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी हसून हात केला की ती त्याच्या छातीकडे बघत पुटपुटते, "कोण बरं हा? डावी भिंत जाड असलेला?"

शेजारच्या खुर्चीवर हेच काम करतात मिलिमीटर. हे नाव मावशीनेच ठेवलंय. ते ओठ न हलवता बोलतात आणि प्रत्येक वाक्य "तसं बघायला गेलं तर" पासून सुरू करतात. मावशीला एसी गार हवा, त्यांना थंडी वाजते, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. तेव्हापासून जे काही सांगायचं ते भिंतीला.

"तसं बघायला गेलं तर, कुणीतरी माउस फार आपटतंय."

"कुणाला तरी कान आहेत म्हणायचे!"

सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात इस्पितळासमोर किल्ल्या बनवून देणारे किल्लीवाले आजोबा दुसऱ्यांदा तपासणीला आले. पहिल्या खेपेला त्यांचं हृदय मावशीने मोजलं होतं, या खेपेला मिलिमीटरनी. आणि ते चक्क लहान निघालं.

"लहान?" आजोबा म्हणाले. "धुतल्यावर आटलं की काय?"

मोठे डॉक्टर खाली आले. त्यांची नक्कल करायची तर हात भरपूर फिरवायचे आणि सरळ काही सांगायचं नाही. "हे बघा, ते आपलं, असं कसं? आता ते नवीन आलंय ना, ते सॉफ्टवेअर, त्यात दोघांचंही घाला. हे याच्यावर ते त्याच्यावर ठेवून दाखवतं. ज्याचं चुकतंय, तो उद्यापासून चौकशीच्या खिडकीवर."

त्या संध्याकाळी मावशी जेवली नाही. रिकाम्या ताटाची कड बोटाने गिरवत बसली.

"खिडकी काय वाईट?" काका म्हणाले. "उजेड तरी असतो."

"तिथे माणसं छातीभर श्वास घेतात आणि माझ्यावरच ओरडून सोडतात!" मग हळूच म्हणाली, "आणि माझी हृदयं कोण बघणार?"

काकांनी तिच्या ताटात वाढलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांसह तिघं एका पडद्यासमोर बसले. सॉफ्टवेअरने एकाच हृदयावर दोघांच्या रेघा ठेवल्या, मावशीची लाल, मिलिमीटरची निळी. लाल बाहेरून, निळी आतून. दुसरं हृदय घेतलं. पुन्हा लाल बाहेर, निळी आत. जेवढी हृदयं उघडली, तेवढ्यांत तेच. लाल रेघ गुळगुळीत, निळी नागमोडी.

मावशीने स्वतःच श्वास धरला होता.

मिलिमीटर पडद्याला नाक लावून बसले होते. ते वळले आणि भिंतीला सोडून थेट तिलाच म्हणाले, "बाई, तुम्ही बोटांचं काय करता?"

हृदयाच्या डाव्या कप्प्यात भिंतीपासून आत आलेले स्नायू असतात. या खोलीत त्यांना बोटं म्हणतात.

"काय करते म्हणजे? डॉक्टर म्हणालेच होते, बोटं धरून मोजा. मी धरते."

"मीही धरतो."

"मग झालं तर!"

"तसं बघायला गेलं तर... कशात धरता?"

"कशात काय? रक्तात! बोटांसकट सगळ्याला बाहेरून एक रेघ."

"अहो, मी भिंतीत धरतो! एकेका बोटाला वळसा घालून!"

दोघांच्या माना एकदमच मोठ्या डॉक्टरांकडे वळल्या.

"मी... असं म्हणालो?"

"हो!" पहिल्यांदाच दोघांचं काहीतरी तंतोतंत जुळलं.

"म्हणजे, ते आपलं, दोन्ही पद्धती चालतात. फक्त दोघांनी एकच हवी. तेव्हा आता असं धरून चाला की—"

"धरून नको!" दोघं ओरडले.

डॉक्टरांनी हात खाली घेतले आणि जन्मात पहिल्यांदा एक सरळ वाक्य बोलले. "बोटं रक्तात मोजायची." मिलिमीटरनी ते कागदावर लिहून दोन्ही पडद्यांच्या मध्ये चिकटवलं. "इतक्या सुबक बोटांना आता वळसा नाही," असं भिंतीला सांगून त्यांनी एक उसासाही टाकला. मावशीने उठून एसी थोडा कमी केला.

किल्लीवाल्या आजोबांच्या दोन्ही तपासण्या नव्याने मोजल्या. मिलिमीटरनी रेघ काढली, मावशीने तपासली. आकडे जवळजवळ तेच आले. खिडकीवर कुणालाच जावं लागलं नाही.

"मग मध्ये आटलं होतं ते?" आजोबांनी विचारलं.

"ते हृदय नव्हतं हो," मावशी म्हणाली. "ते व्याकरण होतं."

त्या दिवशी ती घरी आली ती गुणगुणतच. काका पेपरमागून म्हणाले, "अगं, मला धरून चार कप चहा होऊ दे."

मावशीने चोंदल्या नाकाने विचारलं, "पिणाऱ्यांत धरून, की करणाऱ्यांत?"

काकांनी पेपर खाली ठेवला, एक श्वास घेतला, सोडला आणि चहाचं आधण ठेवायला उठले.