पेटीतला टाक

माझं डोकं लवकर सटकतं, हे दोन्ही तालुक्यांत ठाऊक आहे. बौद्धाचार्य म्हणून मी मातीला जातो, मेलेल्या माणसासाठी त्रिशरण-पंचशील म्हणतो. पण एकदा एका घरात देवाचा टाक दिसला, तर वंदना न घेताच उठून आलो होतो. लोक अजून ते सांगतात.

म्हणून त्या सकाळी काटेवाडीहून बावड्याला पोचलो, तर सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. म्हातारी पहाटे गेली होती. तिला नेसवायला पांढरं पातळ काढताना पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेला चांदीचा टाक निघाला होता.

"आमच्यात देव न्हाय, गुरुजी," मुलगा खाली मान घालून म्हणाला. "ह्यो कुठनं आला, देव जाणं."

एरवी मी त्याला तिथंच धरला असता. सुनेनं हात जोडले. "वंदना घ्या, गुरुजी. आत्यांना तशाच पाठवू नका."

मला राग आलाच होता. पंचवीस वर्षांपूर्वी या घरातले देव मीच पाटीत भरून नीरेत सोडले होते. म्हातारीनं एकेक काढून दिला, हूं की चूं केलं नव्हतं. मग हा कसा राहिला?

टाक हातात घेतला. त्यावर नुसता एक उभा माणूस होता.

"देव न्हाय त्यो," सून म्हणाली. "आत्यांचा थोरला. बिनलग्नाचा विहिरीत बुडाला, तवा सासऱ्यांनी करून घेतला हुता. फोटू न्हवता त्याचा."

मुलगा बघतच राहिला. भाऊ गेला तेव्हा तो रांगत होता.

मी टाक म्हातारीच्या पदराला बांधला. गाठ दोनदा सुटली. मग वंदना घेतली, मुलानं सरणाला अग्नी दिला, सगळं रीतीनं झालं.

निघताना सुनेला विचारलं, "मला एका शब्दानं सांगायचं तरी." विचारायला नको होतं.

"भ्यायच्या तुमाला," ती म्हणाली. "तुमी दारात दिसला की म्हणायच्या, पेटीला कुलूप घाल."

दर पौर्णिमेला मी त्या घरी जायचो. त्याच पेटीवर बसून चहा प्यायचो आणि म्हातारीला सांगायचो, आई, मनात भय ठेवू नका.